मास्तरांची शिंक

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांनी शिंकेसाठी नुसता श्वास ओढला, तरी शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा झटकन उचलायचा. ही दणदणीत शिंक, डावखुरा हात, डाव्या हाताची कात्री आणि रक्तातली अफाट चरबी एवढी इस्टेट त्यांना वडिलांकडून मिळाली होती. त्या चरबीनं वडिलांना ऐन उमेदीत नेलं, आणि आता मास्तरांच्याही हृदयाच्या नळ्या तुंबत आल्या होत्या; गोळ्या खाऊन खाऊन तोंड विटलं, पण चरबी हटेना. शेवटी डॉक्टरांनी रक्त गाळायचं ठरवलं. एका हातातून रक्त यंत्रात, यंत्रातून दुसऱ्या हातात, आणि चरबी तेवढी मधल्या गाळणीत.

"म्हणजे चहाच की," मास्तर म्हणाले.

"चहाच," डॉक्टर हसले. काम झाल्यावर पिवळी पडलेली गाळणी उजेडात धरून ते म्हणाले, "वडिलांकडून आलेलं बरंच निघालं बघा!" हे वाक्य ते दर खेपेला म्हणत.

मास्तर धापा न टाकता जिना चढू लागले, बायको खूश. त्यात त्यांची शिंकही गेली. आता ते मांजरासारखं नुसतं 'चिक्' करत. "इतकी वर्षं उगाच सोसली हो मी," ती म्हणाली. मग एका सकाळी कात्री हातात बसेना. कापड वाकडंच कापलं जाई. वैतागून त्यांनी दुसरी कात्री उजव्या हातात घेतली, तर रेघ कशी सरळ. मास्तरांना त्याचंही हसूच आलं.

पुढच्या खेपेनंतर त्यांनी दुकानातली एक तसबीर उतरवून, पुसून, बाजूला ठेवली.

"ही का काढली?" बायकोनं विचारलं.

"कुणा गिऱ्हाइकाची राहिलीय वाटतं. येईल न्यायला."

"अहो, माझे सासरे आहेत ते!"

मास्तर त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माणूस भला दिसत होता, एवढंच. मग त्यांना आठवलं, पुढच्या खेपेला त्यांच्या लेकीचाही नंबर होता. तिच्या कोवळ्या नळ्यांतही तीच चरबी साचत होती.

लेक शेजारच्या खुर्चीत बसली आणि सुई बघून अशी शिंकली की सिस्टरच्या हातातला ट्रे खणाणला.

"अगदी बाबांवर गेलीय!" सिस्टर म्हणाली.

मास्तरांना वाटलं, तिला उठवावं आणि तडक घरी न्यावं. पण परवाच ती जिन्यात छाती धरून खाली बसली होती.

"बाबा, घाबरलात?"

"छे गं! चहा तर गाळायचाय," ते म्हणाले, आणि त्यांनी सिस्टरला मान हलवून होकार दिला.

यंत्र घुमू लागलं. मास्तर तिला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसले. तिनं शर्टाचं बटण गिळलं तेव्हा त्यांनी दुकान कसं उघडं टाकलं, गिऱ्हाईक बिनबाह्यांच्या अर्धवट शर्टात कसं पळत मागे आलं. आधी ती खो खो हसली, मग नुसती हसली, मग अदबीनं म्हणाली, "हो का?"

मास्तरांनी गाळणीकडे पाहिलं; ती पिवळी पडत चालली होती.

डॉक्टरांनी तिची गाळणी उजेडात धरली. "वा! वडिलांकडून आलेलं पहिल्याच खेपेला सगळं निघालं!"

लेक उठली. गालांवर छान रंग आला होता. तिनं पर्स खांद्याला अडकवली, 'चिक्' करून शिंकली आणि मास्तरांच्या खुर्चीपुढे थांबली.

"काका, जरा पाय घेता?"

मास्तरांनी पाय घेतले.