पलीकडचा अंदाज

रविवारी सकाळी नंदिनी चंद्रपूरहून भाड्याची गाडी घेऊन डोंगरटोल्याला पोचली, तेव्हा तिचे वडील श्रीहरी गुरुजी चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसून तेलंगणाचं सरकार ठरवत होते. एक पाय बाकावर, भोवती पाचसहा जण, हातातला काळा चहा गार होत चाललेला. गाडी पाहून त्यांनी हात वर केला, तोही 'थांब जरा' म्हणून.

डोंगरटोला गडचांदूरच्या वरच्या डोंगरातलं गाव. दोन राज्यं त्याला आपलं म्हणतात, त्यामुळे शाळा दोन, सरपंच दोन आणि लोकांची नावं दोन्हीकडच्या मतदार यादीत. गुरुजींनी सारी नोकरी मराठी शाळेत काढली, पण निवृत्त झाल्यावर त्यांचा जीव पलीकडच्या, तेलंगणाच्या निवडणुकांत अडकला. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. मत कोणाला देणार, असं ते कोणालाच विचारायचे नाहीत. "तुमच्या शेजारचे कोनाले देतीन?" एवढंच विचारायचे. आपल्या घरचं माणूस लपवतो. शेजाऱ्याचं सांगताना त्याच्या जिभेला हाड राहत नाही. पलीकडं गाव ज्या आसिफाबाद मतदारसंघात मोडतं, तिथले आठवडी बाजार त्यांनी असेच पालथे घातले होते.

नंदिनीला या सगळ्याचा वीट आला होता. मोठ्या दवाखान्यात सोमवारची वेळ मिळवताना तिच्या चपला झिजल्या होत्या आणि इथं हे.

"बाबा, पिशवी भरली का?"

"गुरुवारी मतदान हाय बाई. शुक्रवारी निघू."

"डॉक्टर शुक्रवारी राहत नाई तिथी. उद्याची वेळ देली हाय."

"डॉक्टरले काय, तो कुठी पळून नाई जात. इलेक्शन पाच वर्षांनी येते."

"हार्टच्या एका नसेत ऐंशी टक्के अडथळा हाय. मी नाई म्हणत, रिपोर्ट म्हणते."

"म्हणजे वीस टक्के आपल्या बाजूनं हायेत. वीस टक्क्यांत सरकार पडते."

बाकावरचे सगळे हसले. झाडूभाऊ तिथल्या सत्तेवरच्या पक्षाचा, म्हणजे कार या निशाणीवाला. तो म्हणाला, "कोनाचं पडते म्हणता गुरुजी? आमचं नोका पाडू."

नंदिनी हसली नाही. तिनं मैत्रिणीच्या वडिलांचं उदाहरण दिलं, गुरुजींनी त्याला उलट उदाहरण दिलं. तिनं घाटातला रस्ता आणि रात्रीबेरात्री न मिळणारी गाडी काढली. मग निवडणुकीच्या दिवसांतच गाड्या जास्त असतात, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. वाद घालायला तिला शिकवलं होतं त्यांनीच. लहानपणी वर्तमानपत्रातला अग्रलेख तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि मग मुद्दाम त्याच्या विरुद्ध बाजू घेऊन बसायचे. आता दुपारपर्यंत ती हरली, गाडीवाला कंटाळला आणि ती चिडून गाडी परत पाठवून स्वतः राहिली. शुक्रवारी एक शब्द ऐकणार नाही, असं बजावून.

संध्याकाळी जेवताना गुरुजी खुशीत होते.

"आसिफाबादले कार," भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "हैदराबादले हात. सीट कारवाल्याइची अन् सरकार हातवाल्याइचं."

"अन् कमळ?" नको नको म्हणताना तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"वाढन. पण आपल्या इकडं नाई." तिनं विचारलं याचाच त्यांना केवढा आनंद झाला. "अजून बाहेर सांगितलं नाई मी. बुधवारी सांगीन. आधी सांगितलं का लोक बदलतेत."

सोमवारी पहाटे ते अंगणात तोंड धुवायला गेले, पायरीवर टेकले आणि उठले नाहीत.

बुधवारी रक्षा सावडून माणसं घरी आली. त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य चार शब्द बोलले आणि गेले. पण ओसरीवरची माणसं हलेनात. नंदिनीनं चहा दिला. चहा संपला तरी कोणी उठेना. शेवटी हातवाल्यांचा इसरू खाकरला.

"ताई, दुःख आपल्या जागी हायच. पण गुरुजी काही म्हणले असतीन जाता जाता."

"कशाबद्दल?"

"नाई म्हणजे... उद्या मतदान हाय ना."

तिला वाटलं, कपबशा उचलून आत जावं आणि दार लावून घ्यावं. दोन दिवस हेच चाललं होतं. सरणाजवळ एकानं विचारलं, आईला भेटायला आलेल्या बाईनं तिच्या गळ्यात पडून विचारलं. खाली बाजारगावातून दोन फोन आले. माणूस गेला, त्याचं कोणाला काही नव्हतं. अंदाज घेऊन गेला, याची सगळ्यांना रुखरुख.

"आसिफाबादले कार, हैदराबादले हात," ती म्हणाली. "झालं? आता जा."

कोणी गेलं नाही. उलट मांड्या ठोकून बसले.

"म्हणजे सरकार आमचं," इसरू म्हणाला.

"सीट आमची," झाडूभाऊ म्हणाला. "तुझा उमेदवार आपल्या घरी बसन अन् टीव्हीवर सरकार पाहीन."

"गुरुजी तुमच्या बाकावर बसत, म्हणून तुमाले खुश केलं त्यायनं."

"मेलेल्या माणसाले खोटं पाडतं काऊन बे?"

आवाज चढले. नंदिनी त्यांना गप्प करायला पुढं झाली, तर आतून तिची आई मनकर्णा म्हणाली, "भांडू दे वं त्याइले. दोन दिवस झाले, घर कसं सुनं लागून राह्यलं."

भांडता भांडता लोक एकेक करून उठले. झाडूभाऊ मागं राहिला. आपली कपबशी त्यानं स्वतः विसळून पालथी घातली.

"एक सांगू का बाई? रविवारी तुम्ही गाडीवाल्याशी बोलत होता ना, तवा मी म्हटलं गुरुजींना, जा ना चंद्रपूरले, पोरगी एवढी धडपडते. तं म्हणे, पोरगी मले टक्के सांगते, रिपोर्ट सांगते. 'बाबा, मले भेव लागते,' असं एकडाव म्हणन तं आत्ता गाडीत बसतो. इलेक्शन गेलं उडत." तो चपला शोधू लागला. "पण आसिफाबादले कारच म्हणले ना? पक्कं?"

नंदिनीनं मान हलवली. तो समाधानानं निघून गेला.

तिला बाबांचा भयंकर राग आला. अख्ख्या तालुक्याच्या मनातलं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून काढून घेणारा माणूस, आणि पोरीच्या मनातलं कळून चुकलेलं असूनही ते तिच्याच तोंडून ऐकायला अडून बसला. झाडूभाऊला सांगितलं, तिला विचारलं नाही. आणि तीही तशीच. भीतीनं झोप लागत नव्हती महिनाभर, आणि आकडे सांगत बसली, जसा काही समोर परीक्षक बसलाय.

आई दारात येऊन उभी राहिली. "कोनाशी बोलून राह्यली वं?"

तिचे नुसते ओठ हलत होते. ओसरीच्या कडेला ती उभी होती. खाली अंगण, तिथली पाण्याची बादली, बाबा टेकले ती पायरी. तिनं खांब धरला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मले लय भेव लागते. इलेक्शन राहू द्या. माझ्यासाठी चाला ना."