डासमामांचा आकडा

मशीनमधून आलेला कागद डासमामांनी खिडकीशी नेऊन पाहिला. सीआरपी दोनशे बारा, आणि नाव त्यांचं स्वतःचं. सीआरपी म्हणजे अंगातल्या सुजेचा रक्तात सापडणारा माग. धडधाकट माणसाचा तो पाचाच्या आत हवा.

मणक्याच्या वॉर्डात रोज सकाळी रक्त काढायला येणारा माणूस, म्हणून पेशंटांनीच त्यांना डासमामा करून टाकलं होतं. मामांचा नेम असा, की आधी सुई स्वतःला, मग दुसऱ्याला. आपलं रक्त मशीनला घालायचं, तीन आला की मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं. बावीस वर्षं तीनच. आज तीन आला होता सहा नंबरच्या खाटेवरच्या वायरमनला. तो खांबावरून पडून पाच आठवडे झाले होते. कमरेखाली सगळं बधिर आणि सीआरपी कालपर्यंत दोनशेच्या वर.

आता मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्यूबांवर नावं आधीच चिकटवून ठेवायची त्यांची वाईट खोड. अदलाबदल झाली, दुसरं काय! इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आज अक्कल गहाण पडली. चुकीचा रिपोर्ट वर वॉर्डात गेलाही होता. तो चांगला आकडा बघून औषध थांबलं तर वायरमन हकनाक जिवाला मुकायचा. मामा धावतच जिना चढले.

वर वायरमनची बायको डोळे पुसत हसत होती. डॉक्टर रिपोर्ट वाचून गेले, आणि त्यानंतर घटकाभरात उजव्या पायाचा अंगठा हलला म्हणे. आशा माणसाला काय काय दाखवते, असं मामांना वाटलं. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत अंगठा पुन्हा हलला.

तरी ते बोलले. "ताई, चूक माझी आहे. तो आकडा तुमच्या मालकांचा नाही. परत रक्त घ्यावं लागेल."

बाईचं हसू मावळलं. वायरमनने हात पुढे केला. "घ्या मामा. पण अंगठा तर माझाच आहे ना?"

या वेळी ट्यूब भरल्यावर नाव, तेही बाईच्या समोर. तिथंच बसून मामांनी स्वतःचंही रक्त काढलं. खाली येऊन दोन्ही ट्यूब मशीनला लावल्या. वायरमन तीन. मामा दोनशे बारा. पुन्हा लावल्या, तरी तेच. ताप नाही, खोकला नाही, सकाळी पोटभर जेवून निघालेला माणूस! भर दुपारच्या उजेडात मामांना भीती वाटली. हे सांगायचं तरी कुणाला, आणि काय म्हणून?

एवढ्यात दारात वायरमनची बायको आली. तिच्या हातात एक चप्पल होती. जिन्यात पडली होती, तुमचीच ना, असं तिने विचारलं.

मामांनी खाली पाहिलं. उजवं पाऊल उघडंच फरशीवर टेकलं होतं. त्यांना ना फरशी लागत होती, ना तिचा गारवा.

"ठेवा तिथंच दारात," ते म्हणाले. स्टुलावरून न उठताच त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि हात लांब करून कागद तिच्यापुढे धरला. "तीनच आहे, ताई. मघाशी मी उगाच घाबरवलं तुम्हाला. जा, सांगा त्यांना."

ती पळतच गेली. मामा जिन्यावरची तिची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत बसले.