दाभणीचा गळ आणि अर्धी मिशी

मी गळ बोलून राह्यलो. इकडं तिकडं काय पाहतो, रामलाल? वर पाह्य, खांबात. तुझ्या सासऱ्याच्या घरात दहा वर्षं टोचलेला हाय मी. उद्या तू पहिल्यांदा समुद्रावर मासे धरायले चालला म्हणे. सासरा मेला तरी तुले काही सांगणार नाई. म्हणून मी सांगतो.

जन्मलो तेव्हा मी बाई होती. दिग्रसच्या कापसाच्या जिनात पोती शिवायची दाभण. तुझ्या सासऱ्यानं, भावसिंगनं, मले उचलून आणली, विस्तवात लाल केली, वाकवली, टोकाले काटा काढला, अन मी बाप्या झालो. अरुणावती नदीत माझ्या तोडीचा गळ नव्हता. भावसिंगले त्याचाच माज. मासा लागला की आधी हात मिशीवर, मग माशावर.

एका बाजाराच्या दिवशी जिनाचा मुकादम नागोराव चार माणसांत बोलला, "काहो नाईक, तुमचा आजा बंजाऱ्यांचा तांडा घेऊन बैलांवर समुद्राचं मीठ आणे म्हणता. तुम्ही तिथला गळानं धरलेला एक मासा तरी आणून दाखवा!"

"आणला तर?"

"पाया पडतो. नाई आणला, तर अर्धी मिशी इथंच उतरवायची."

मुंबई आपली राजधानी झाली, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. भावसिंगचा भाऊ तिथं धक्क्यावर हमाल होता. गेलो आम्ही.

आता ऐक. फेकायच्या आधी मागं पाह्य. तुझ्या सासऱ्यानं पाह्यलं नाई, अन मी एका हमालाच्या कानात घुसलो. त्यानं दोन मुस्काटात दिल्या, बरोबरच केलं. गांडूळ नेऊ नको, खाऱ्या पाण्यात त्याची चिंधी होते. कोळंबी लाव. शिसं जड बांध. अन मले रोज गोड्या पाण्यानं धू. भावसिंगनं धुतलं नाई, माझ्या अंगाची ही खपली पाह्य.

तरी लागला. हातभर शिंगाळा मासा! भावसिंग नाचला. मग नदीवर करतो तेच केलं. जिवंत राहावा म्हणून माशाच्या कल्ल्यातून दोरी ओवली, पाण्याजवळच्या पायरीच्या कडीले बांधली, अन चहा प्यायले गेला. आमच्या नदीची पायरी जागा सोडत नाई. परत येतो तर पायरीच नाई! भरती आलती.

"अहो, पायरी कुठं गेली?"

"समुद्रानं नेली, मामा. संध्याकाळी आणून देईल!" हमाल पोट धरून हसले.

संध्याकाळी पायरी आली. दोरी आली. दोरीत नुसतं डोकं होतं, तेही अर्धं.

गाडी त्याच रात्रीची. भावसिंगनं कोळणीकडून जाळ्यातला मेलेला शिंगाळा घेतला, भिंतीआड बसला अन मले त्याच्या तोंडात खुपसलं. मग मीठ चोळलं.

दिग्रसच्या बाजारात सारा तांडा जमला. नागोरावनं माशाचा जबडा फाडून पाह्यला. "भोक तर हाय बुवा." तो वाकला, भावसिंगच्या पायाले हात लावणारच होता.

"थांबा, नागोरावदादा." ही तुझी सासू, मानीबाई. भाकर करपली म्हणून भावसिंगनं सकाळीच तिले साऱ्या तांड्यात आंधळी म्हटलं होतं. "मी आंधळी, पण मलेही पाहू द्या."

तिनं माशाच्या ओठावर बोट फिरवलं. जन्मभर मासे कापलेली बाई ती.

"जित्या माशाचं भोक रगतानं काळं पडते. हे तर दाभणीनं पोतं टोचावं तसं पांढरं हाय."

न्हाव्याले बोलवावं लागलं नाई, तो गर्दीतच होता. पाणी न लावता वस्तरा फिरवला. लोकं हसले. मानीबाई सगळ्यात आधी हसली, अन सगळ्यात शेवटी थांबली.

मिशी महिन्याभरात आली. पहिलेचा भावसिंग काही परत आला नाई. नदीवर गेला नाई, बाजारात गेला नाई. मानीबाईनं मले या खांबात ठोकलं, तो जेवायले बसतो त्याच्या बरोबर समोर.

तर काढ मले. गंज पुसून टोक घास. बोटाले लागलो तर लागलो, रडू नको. मासा नाई मिळाला तर रिकामा ये, शिव्या खा. पण मेलेल्या तोंडात मले खुपसू नको. मी गळ हाय. मले पुन्हा दाभण करू नको.