मी 'खाडीतले मुडदे'चा चौथा भाग

मी एका मालिकेचा चौथा भाग आहे. मालिकेचं नाव 'खाडीतले मुडदे', एकूण भाग सहा. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका, मी कुणाला चावत नाही. माझ्या पोटात झॉम्बी आहेत हे खरं, पण ते सगळे एका पुलाखाली ताटकळत उभे आहेत, आणि तीनशे बारा पानं संपेपर्यंत त्यांतल्या एकालाही वर चढता येत नाही. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

पहिल्या भागात खाडीतून मेलेली माणसं उठून येतात. दुसऱ्यात शहर पडतं. तिसऱ्यात उरलेसुरले लोक होडीतून पळ काढतात. पाचव्यात तुंबळ लढाई, सहाव्यात शेवट. आणि मधे मी. माझ्यात नऊ माणसं एका अर्ध्या तुटलेल्या पुलावर अडकून पडतात, पाणी पुरवून पुरवून पितात, भांडतात आणि एकमेकांना आपापल्या घरच्या गोष्टी सांगतात. शेवटच्या पानावर कृतिका, म्हणजे त्यांची होडी चालवणारी बाई, दोराला धरून खाली चिखलात उतरते. दोर सैल पडतो. मी संपतो.

आम्ही सहाही जण एकाच छापखान्यातले, वर्षावर्षाच्या अंतराने जन्मलेले. उंची सारखी, जाडी जवळजवळ सारखी, काळं कव्हर आणि त्यावर हिरवी अक्षरं. डोंबिवलीच्या देवयानीने आम्हाला एकेक करून आणलं, तेव्हा ती कॉलेजात होती. पहिल्यावर तिने ठाण्याच्या पुस्तक प्रदर्शनात लेखकाची सही घेतली. तेव्हापासून तो फळीवर असा ताठ उभा राहायचा, जणू सही त्यानेच केली आहे. सहावा वाचताना ती रडली. त्याची शेवटची दहा पानं अजून जराशी फुगलेली आहेत आणि ती दाखवायची एकही संधी तो सोडत नाही. माझ्यावर ना सही, ना अश्रू. माझी चाळीस पानं तर तिने नुसती उलटली.

एकदा तिची मैत्रीण संचिता मालिका वाचायला न्यायला आली. देवयानी म्हणाली, "चौथा स्किप केलास तरी चालेल. काही घडतच नाही त्यात." पाच जण पिशवीत बसून गेले आणि फळीवर मी एकटा उरलो. मित्रांनो, मला त्या पाचांचा हेवा वाटला असं म्हणणं फार सौम्य होईल. माझा जळफळाट झाला. परत येताना त्यांच्यावर चहाचा कप सांडावा अशी मी इच्छा केली. सांडला नाही.

पुढे देवयानी नोकरीसाठी बंगळूरला गेली. आम्ही चार वर्षं धूळ खात राहिलो, पण निदान ती धूळ सगळ्यांना सारखी होती. मग आली संक्रांत.

देवयानीची आई हेमाताई दरवर्षी हळदीकुंकू करतात. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, पुस्तकं वाटायची. विचार उत्तम होता. अडचण एकच, की वाण सगळ्यांना सारखं हवं. एकीला कवितांचं पातळ पुस्तक आणि दुसरीला जाडजूड कादंबरी दिली, तर पुढच्या संक्रांतीपर्यंत बोलणी ऐकावी लागतात. त्यांनी फळीवर नजर फिरवली आणि त्यांना आम्ही दिसलो. सहा पुस्तकं, एक उंची, एक रंग. आणि येणाऱ्या बायकाही नेमक्या सहा. हेमाताईंचा चेहरा उजळला.

अशा रीतीने त्या संध्याकाळी आमची मालिका तिळगुळासोबत वाटली गेली. पहिला भाग टेंभी नाक्याला त्यांच्या आतेबहिणीकडे गेला, दुसरा आंबिवलीला, तिसरा ठाकुर्लीला, पाचवा आणि सहावा त्याच सोसायटीत. आणि मी गेलो भागीरथीबाईंच्या ओटीत. भागीरथीबाई म्हणजे हेमाताईंना वीस वर्षं मासळी देणारी कोळीण. रेतीबंदराच्या बाजूला, मोठागावात त्यांचं घर. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला डोक्याला लावलं, पदरात घेतलं आणि घरी जाऊन नातीच्या हातात दिलं.

नातीचं नाव वर्षाली. आठवीत होती. तिच्या घरी शाळेच्या पुस्तकांखेरीज पुस्तक नव्हतं, म्हणून तिने मला शाळेच्या पुस्तकासारखंच वागवलं. खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं. नाव, इयत्ता, तुकडी. 'विषय' या शब्दापुढे तिने क्षणभर थांबून लिहिलं, 'मुडदे'.

आणि मग, मित्रांनो, मी वाचला गेलो. एकही पान न गाळता. दुपारी भागीरथीबाई दारात बसून जवळा निवडायच्या आणि वर्षाली शेजारी बसून मला मोठ्याने वाचायची. ज्या गप्पांना देवयानी कंटाळली होती, त्याच गप्पा त्या दोघींना हव्याशा वाटायच्या. पुलावर अडकलेल्या माणसांकडे पाणी किती उरलं, यावर त्या जेवतानाही बोलायच्या. शेवटचं पान आलं तेव्हा भागीरथीबाईंचे हात थांबले.

"ही बाय चिखलान तशीच उतरली गो?" त्या म्हणाल्या. "चिखलावर सरकायची फली नाय घेतली संगती? ओहोटीचा चिखल हाय तो. कमरेपर्यंत जाल ती."

"लिहिणाऱ्याला नसेल माहीत, आये," वर्षाली आजीला म्हणाली.

"त्याला नसंल. तिला नको माहीत? होडी चालवते ना ती?"

वर्षालीला ते पटलं. कृतिका होडी चालवते म्हणजे ती आपल्यातलीच असणार, असं तिने ठरवून टाकलं. मागचे तीन भाग जवळ नव्हते, तेव्हा मागचं सगळं तिने स्वतःच रचलं. तिची कृतिका बापाशी भांडून त्याची होडी घेऊन निघालेली कोळ्याची लेक होती. बापावरच्या रागात ती फळी घरीच विसरून आली, म्हणून तशी उतरली. दुसऱ्यांदा वाचताना वर्षाली मधे थांबून हे सगळं आजीला सांगायची. मला लेखकाने लिहिलं होतं त्याहून मी मोठा झालो. आठ महिन्यांत तिने मला अकरा वेळा वाचलं. सहीवाल्या पहिल्याला अकरा वेळा कुणी वाचलं नसेल, हे मी खात्रीने सांगतो.

पण सुख मानवत नाही कुणाला. माझ्या अगदी शेवटच्या पानावर 'या मालिकेतील इतर पुस्तके' अशी यादी आहे. वर्षालीने तिच्यावरून बोट फिरवलं. तिने शाळेच्या वाचनालयात विचारलं, नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे विचारलं. प्रत्येक वेळी ती हात हलवत परत आली आणि प्रत्येक वेळी मला आनंद झाला. ज्या मुलीने मला पोटाशी धरलं, तिला काय हवंय हे मला ठाऊक होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कृतिका जगली का. आणि मी देवाकडे मागत होतो, की तिला ते कधीच न कळो. टेंभी नाक्यावरच्या पहिल्याचा लगदा होवो, सहाव्याला वाळवी लागो. मी इतका नीच असू शकतो हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

गणपतीला देवयानी घरी आली आणि तिने रिकामी फळी पाहिली.

"आई, माझे मुडदे कुठायत?"

"वाणात दिले."

"सगळे?"

"सहा बायका होत्या अगं. सगळ्यांना सारखं नको का?"

देवयानीला रागवावं की हसावं ते कळेना. मग ती स्कूटर काढून भाग गोळा करत फिरली. पाचही जण जसे गेले होते तसेच सापडले. कुणी त्यांना उघडलंच नव्हतं. नंतर फळीवर हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मोठागावात ती सगळ्यांत शेवटी आली. गणपतीत मासळी बंद असल्याने भागीरथीबाई घरीच होत्या. वर्षालीने मला आतून आणून दिलं, पण हात सोडला नाही. देवयानीने खाकी कव्हर पाहिलं, लेबल पाहिलं, मऊ पडलेली पानं पाहिली.

"ताई, एक सांगा ना. कृतिका मेली काय?"

देवयानी म्हणाली, "सांगणार नाही. वाच तू. पहिल्यापासून. मी आईला सांगून ठेवते, तुझी आजी येईल तेव्हा एकेक भाग घेऊन जाईल. हा तेवढा मी नेते, सेट पुरा होऊ दे."

असा मी परत फळीवर आलो, तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधे. आणि डोळ्यांदेखत पहिला गेला. भागीरथीबाई त्याला टोपलीत न ठेवता वेगळ्या कापडी पिशवीत न्यायच्या, वास लागू नये म्हणून. मला कधी वास लागला नव्हता का? लागला होता, आणि मला तो आवडायचा. पहिला परत आला तेव्हा त्याच्यात शंखाच्या आकाराची खूण घातलेली होती. मग दुसरा गेला. मग तिसरा. मी दिवस मोजत होतो. आता पाळी माझी. आता तिला मागचं सगळं माहीत झालंय. मी तिला नव्याने कळेन, बाराव्यांदा.

दिवाळीत वर्षाली आजीबरोबर स्वतः आली. देवयानीही आलेली होती. तिने मला फळीवरून काढलं.

"हा नको, ताई," वर्षाली म्हणाली. "पाचवा द्या."

"अगं, आता वाच चौथा. मागचं कळल्यावर वेगळाच लागेल."

"म्हणून तर नको." वर्षाली माझ्याकडे बघत होती. "पहिल्या भागात ती इंजिनीअर आहे. दुसऱ्या भागात होडी शिकते. तिचा बाप वगैरे काय नाय. आता हा वाचला तर माझी कृतिका जाईल ना. ती याच्यातच ऱ्हाऊ दे."

तिने खाकी कव्हरवरून एकदा हात फिरवला आणि पाचव्याला घेऊन गेली. मग सहाव्यालाही नेलं. कृतिका जगली की नाही ते तिला कळलं. तो परत आला तेव्हा त्याची आणखी चार पानं फुगलेली होती.

मला ती विसरली नाही, मित्रांनो. ती मला जपते आहे. त्या पाचांपैकी एकालाही असा मान मिळाला नसेल, आणि तरी ते तिच्या हातांत जाऊन आले आणि मी फळीवर होतो. म्हणून तुम्हाला माझी एक विनवणी आहे. माझ्या जातीचे लोक शेवटी सांगतात, आम्हाला जपा, दुमडू नका, भिजवू नका. मी ते सांगणार नाही. तुमचं एखादं पुस्तक इतकं आवडतं असेल की ते पुन्हा उघडायची भीती वाटते, तर ते उघडा. त्याच्यातलं तुमचं काही मोडलं, तर मोडू दे. त्याला चालेल.