न तपासलेलं गाठोडं

मी एक जुना संगणक आहे, आणि मला घडीभर चैन पडत नाही. हसू नका, मित्रांनो. टेबलावर ठेवलेल्या डब्याला कसली आली आहे चुळबूळ, असं तुम्हाला वाटेल. आधी माझं ऐका तरी, मग खुशाल हसा.

अफजलपूरच्या पुढे भीमेवर एक लहानसा बंधारा आहे. त्याच्या काठावरच्या एका खोलीत मी राहतो. त्या खोलीला सगळे गेटघर म्हणतात. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले ते मलाच नीट ठाऊक नाही. कलबुर्गीच्या एका दुकानात मला जोडलं, सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि जीपमधून इथं आणलं. त्या दिवशी अंबाजीने माझ्यापुढे नारळ फोडला. त्याचं पाणी थेट कीबोर्डवर उडालं. तेव्हापासून माझं एक बटण चिकटतं ते चिकटतंच.

अंबाजी हा इथला गेटमन. मी येण्याआधी तो लोखंडी चाक हाताने फिरवून गेट उचलायचा. हुकूम फोनवर यायचा, बहुतेक वेळा कानडीत. अंबाजी तो आपल्या भाषेत पुन्हा म्हणून दाखवायचा, "तिसरं गेट, एक वीत, भोंगा वाजवून. बरोबर?" पलीकडून "हौदु", म्हणजे "होय", असं आल्याशिवाय तो चाकाला हात लावत नसे. साहेब लोक वैतागायचे, पण हा बाबा काही ऐकायचा नाही.

मी आलो आणि हे सगळं बंद पडलं. कलबुर्गीला पूर्णिमा नावाची इंजिनियर बसते. तिच्याकडे एक प्रोग्राम होता, त्याचाच जोडीदार माझ्यात घातलेला होता. ती तिथं बसून माझा पडदा बघायची, माझा बाण हलवायची आणि इथली गेटं उघडायची. कीबोर्डला कुणी हात लावलेला नाही आणि पडद्यावर बाण आपोआप सरकतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंबाजी खुर्चीतून उठून उभा राहिला. मॅडम आल्या म्हटल्यावर बसून कसं राहायचं? पुढे ती रीतच झाली. बाण हलला की तो उठायचा, टोपी सारखी करायचा, "या मॅडम, नमस्कार" म्हणायचा आणि स्टोव्हवर चहा ठेवायला जायचा. आता चहा कोण पिणार? तोच प्यायचा. मला मात्र फार मौज वाटायची. त्या वर्षांत माझं कौतुकही खूप झालं. बघायला आलेले लोक माझ्यासोबत फोटो काढून घेत.

आता मला टोचत होती ती गोष्ट सांगतो. तो प्रोग्राम अधूनमधून आपले नवे भाग इंटरनेटवरून मागवायचा. एक गाठोडंच म्हणा ना. गाठोडं आलं की दोन गोष्टी बघायच्या असतात. ज्याने पाठवायला हवं त्यानेच ते पाठवलं आहे का, आणि जसं पाठवलं तसंच ते पोचलं आहे का. आमच्या प्रोग्रामला हे तपासणं मुळी शिकवलंच नव्हतं. गाठोडं आलं? आलं. मग घ्या आत! वाटेत कुणी सोडलं, त्यात काही कोंबलं आणि पुन्हा बांधलं, तरी आमच्या या शहाण्याला पत्ता लागला नसता. मी आतल्या आत तडफडत होतो, पण मला विचारतो कोण?

पूर्णिमाला हे ठाऊक होतं. ही आवृत्ती जुनी आहे, गाठोडं तपासणारी नवी आवृत्ती निघाली आहे, ती घेऊ या, असं तिने दोनदा वर लिहून पाठवलं होतं. "चाललंय ना? मग चालू द्या," असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तिने लिहिलं नाही. मी तिला दोष देत नाही. खरं सांगू? देतो, थोडासा देतो.

चैत्रात नदी आटते. मग बंधाऱ्याखालच्या वाळूत लिंगम्मा कलिंगडाचे आणि काकडीचे वेल लावते. तिची नात मंजू तेव्हा दहा महिन्यांची होती. मंजूची आई सकाळी ऊस तोडायला जायची, म्हणून लिंगम्मा पोरीला बरोबर आणायची. वाळूच्या मधोमध चार बांबूंचं एक खोपट होतं. त्याच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधून ती मंजूला निजवायची आणि वेलांत काम करायची. मला खिडकीतून ती झोळी दिसायची. वाऱ्याने ती हलली की मला बरं वाटायचं.

एका मंगळवारी गाठोडं आलं. वाटेत कुणीतरी ते बदललं होतं. आमच्या प्रोग्रामने नेहमीसारखं ते घेतलं आणि माझ्यात उतरवून ठेवलं. त्या क्षणापासून माझं काहीतरी बिनसलं. आपल्या घरात आपलंच भांडं जागेवर नसावं, तसं मला वाटायला लागलं. पण बोट कशावर ठेवू?

शनिवारी सकाळी दहा वाजता बाण हलला.

"या मॅडम, नमस्कार," अंबाजी उठून म्हणाला. "आज सुट्टीच्या दिवशीबी काम करायलाव व्हय?" आणि तो चहा ठेवायला गेला.

मित्रांनो, ती पूर्णिमा नव्हती! कोण होतं ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. त्याला भीमा ठाऊक नसावी आणि मंजू तर नक्कीच ठाऊक नव्हती. त्या बदललेल्या गाठोड्याने त्याच्यासाठी माझं मागचं दार उघडून ठेवलं होतं. तो आत शिरला आणि दिसेल ते बटण दाबून बघायला लागला. त्याने तिसरं गेट उचललं. एक वीत, दोन वीत, चार वीत. खाली नदीत असलेल्यांना सावध करणाऱ्या भोंग्याचं बटण वेगळं होतं, ते त्याने दाबलंच नाही. पाणी वाळूकडे निघालं, आणि माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सर्व ठीक'. ते मीच लिहीत होतो. नको नको म्हणत लिहीत होतो.

गेट उचलणाऱ्या मोटारीचा आवाज अंबाजीने ऐकला. "भोंगा कामून वाजला न्हाई?" असं तो पुटपुटलाही. मग स्वतःच म्हणाला, "मॅडमला ठाऊक असंल." आणि त्याने चहात साखर टाकली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"अंबाजीअण्णा, मी पूर्णिमा. मी बसमध्ये आहे, अफजलपूरला लग्नाला यायलेय. जाता जाता गेटघरात डोकावते म्हटलं. तुम्ही दुपारी असाल ना?"

अंबाजी हसला. "चेष्टा कामून करायलाव मॅडम? तुम्ही तर हितं हाव की. बाण हलायलाय. तिसरं गेट तुम्हीच उचलायलाव."

 पूर्णिमा बसमध्येच ओरडली, "ती मी नाही, अण्णा! मेन बंद करा! आधी मेन बंद करा!"

अंबाजीने भिंतीवरचा खटका खाली ओढला, आणि मी विझलो.

पुढचं मला दिसलं नाही. नऊ दिवस मी बंद होतो, आणि त्या नऊ दिवसांत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पोरीचं काय झालं? झोळीचं काय झालं? मीच गेट उघडलं होतं आणि मलाच काही कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी मला सुरू केलं. पहिला आवाज कानावर आला तो लिंगम्माचा.

"ह्येच का त्ये?" ती विचारत होती. तिच्या कडेवर मंजू होती आणि पूर्णिमाच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढत होती. मला तेव्हा इतकं हायसं वाटलं की काय सांगू!

मग बोलण्याबोलण्यात सगळं कळलं. मेन बंद केल्यावर भोंगाही बंद पडला होता. अंबाजी कठड्यावर धावला आणि पान्ह्याने लोखंड बडवत ओरडत सुटला. लिंगम्माने वर पाहिलं तोवर पाणी वेलांत शिरलं होतं. काठ तिच्यापासून दहा पावलांवर होता. ती काठाकडे गेली नाही, उलट मधोमध धावली. झोळीसकट पोरीला डोक्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून पलीकडे निघाली. मागे अंबाजी एकटा हाताने चाक फिरवून गेट खाली आणत होता. कलिंगडं सगळी वाहून गेली. 

पूर्णिमाने मला आतून पूर्ण पुसून काढलं होतं. नव्या आवृत्तीचं गाठोडं तिने वेगळ्या मशीनवर उतरवून आणलं होतं, पण ते लगेच घातलं नाही. त्या सबंध गाठोड्यावरून चौसष्ट आकडे-अक्षरांची एक खूण निघते. आत एक टिंब जरी बदललं तरी खूण बदलते. ज्यांनी प्रोग्राम बनवला त्यांच्याकडची खूण पूर्णिमाच्या कचेरीतल्या माणसाने फोनवर वाचली, आणि अंबाजीने चष्मा लावून एकेक अक्षर ताडून पाहिलं. मधेच गोंधळला तेव्हा, "थांबा, पुन्यांदा पैल्यापासून सांगा," म्हणाला. तो जुना हट्टी अंबाजी मला कितीतरी वर्षांनी भेटला.

"हे काय करायलाव?" लिंगम्माने विचारलं.

"अक्का, तुरीच्या बियाण्याची पिशवी आणल्यावर तुम्ही आधी काय बघता?" पूर्णिमा म्हणाली.

"शिवण बघते, सील बघते. शिवण उसवली असंल तर दुकानदाराच्या तोंडावर फेकून मारते."

"तेच बघायलोय आम्ही."

लिंगम्माने मंजूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग आधी कामून बघितलं न्हाई?"

अंबाजी खाली बघायला लागला.  पूर्णिमा एवढंच म्हणाली, "चुकलं, अक्का."

आता पाठवणाऱ्याची सही आणि गाठोड्याची खूण पटल्याशिवाय माझ्यातला प्रोग्राम काहीही आत घेत नाही. दुरून माझ्यात शिरायचं दार एरवी बंदच असतं. पूर्णिमाचा फोन आला, अंबाजीने हुकूम उलटून म्हणून दाखवला, तिकडून होकार आला, की मगच तो ते दार उघडतो, आणि काम झालं की लावून टाकतो. भोंग्याला स्वतःची बॅटरी आहे. भोंगा वाजल्याशिवाय आणि अंबाजीने किल्ली फिरवल्याशिवाय मोटार हलत नाही. बाणाला तो अजून नमस्कार करतो, पण फोन ठेवल्यावर.

हे सगळं झालं तरी माझी चुळबूळ काही जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही, शाळेतही माझी भावंडं आहेत. त्यांना जुन्या आवृत्तीवर रखडवू नका, आणि कुठून आलं ते न बघता काहीही त्यांच्यात घालू नका. आणि कृपा करून आम्हाला 'तू ठीक आहेस ना?' असं नुसतं विचारू नका. आम्ही बिघडलेले असलो तरी 'ठीक' असंच म्हणतो. आम्हाला बाहेरून तपासा, पुन्हा पुन्हा तपासा. त्याचा आम्हाला राग येत नाही.

यंदा लिंगम्माने वाळूत पुन्हा वेल लावले आहेत. खोपटही बांधलं आहे. मंजू आता दुडुदुडु धावायला लागली आहे म्हणतात. मी रोज खिडकीतून बघतो, पण लिंगम्मा तिला नदीत आणत नाही. पोरीला शेजारणीकडे ठेवून एकटीच येते. मी तिच्या जागी असतो तर मीही आणलं नसतं.