जर्मनीचं मॅग्नेशियम

पोलंडमधल्या नीसा गावात माझं औषधांचं दुकान आहे आणि दिवसभर मी मॅग्नेशियम विकते. डोळा फडफडतोय, द्या मॅग्नेशियम. झोप येत नाही, द्या मॅग्नेशियम. सून धड बोलत नाही, तरी मॅग्नेशियमच. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण माझ्या आईला, लेओकाडियाला, ते चालत नव्हतं. तिची मूत्रपिंडं जेमतेम काम करायची. मॅग्नेशियम बाहेर पडणार नाही, रक्तात साचेल आणि जीवावर बेतेल, हे मी तिला शंभरदा बजावलं होतं.

"पायात गोळे येतात गं," ती म्हणायची.

"मी चोळून देते. मॅग्नेशियम मिळणार नाही."

ईस्टरला धाकटा भाऊ कायेतान आला. तो जर्मनीत ट्रक चालवतो. तिकडून येणारा माणूस कपड्यांची पावडर, कॉफी, चॉकलेट आणतोच. तीच पावडर आमच्या कोपऱ्यावर मिळते, पण आणलेली म्हणे जास्त स्वच्छ धुते. या खेपेला त्याने मॅग्नेशियम सायट्रेटच्या पुड्यांचे सहा खोके आणले आणि मी दुकानात असताना आईच्या हवाली केले. तिच्या मूत्रपिंडांचं त्याला माहीत होतं. मीच फोनवर सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी दुपारी जेवायला घरी आले, तर आई अर्धवट सोललेल्या बटाट्यांवर डोकं टेकून बसलेली. हात उचलेना, नाडी मंद. अॅप्रनच्या खिशात रिकाम्या पुड्या.

डायलिसिसनंतर दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली.

"का घेतलंस? मी नाही म्हटलं होतं ना?"

"तुझं इथलं. हे जर्मनीचं, शुद्ध. हे बाधत नाही असं कायेतान म्हणाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं शिकले, बावीस वर्षं दुकानात उभी आहे, आणि शुद्ध काय ते ट्रकवाला ठरवणार.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. आईचा आवाज एकदम गोड झाला.

"छान आहे रे राजा. पाय हलके झालेत. संपत आलंय, येताना आण."

मी फोन हिसकावून घेतला.

"ती हॉस्पिटलात आहे. तुझ्या पुड्यांनी मरता मरता वाचली."

तो म्हणाला, "आणि तू काय करत होतीस? घरात औषधवाली ना तू?"

मी फोन बंद केला. आई माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर आजाऱ्याची नव्हती.

"कशाला सांगितलंस त्याला? एवढ्या लांबून पोराने वाहून आणलं. माफी माग त्याची."

मी मागितली नाही. सूपचा चमचा पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं. मग नर्स आली आणि तिच्या हातून आई सगळं सूप प्यायली.