ओल्या कापडाची रेघ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. चार खिडक्या, एक कुरकुरणारा पंखा, सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर पाटीएवढा टॅबलेट आणि त्याला वायरीने जोडलेली पेन्सिलीएवढी धातूची सळई. सळई कशालाही टेकवली की ती वस्तू किती गरम, किती गार हे टॅबलेटला कळतं आणि तो पडद्यावर रेघ काढत जातो. गरम झालं की रेघ चढते, गार झालं की उतरते. आता प्रत्येक टेबलाशी चार मुलं बसवा. आणि खरं सांगा, त्या चौघांत तुम्ही कुठे आहात? सळई तुमच्या हातात आहे, की तुम्ही मान वाकडी करून पलीकडून बघताय?

त्या खोलीत मी विज्ञान शिकवत असे. ही यंत्रं शाळेत आली त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. सहा संच आणि चोवीस मुलं. वाटलं, झालं, आता सगळ्यांना सगळं मिळणार.

तिसऱ्या टेबलावर मोती बसायची. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मीच एकदा तिला मोती म्हटलं आणि वर्गाने ते नाव उचललं. तिच्या शेजारी बसायचा कप्तान. पोरगा मनाने चांगला, पण त्याचे हात त्याच्या डोक्याच्या आधी पोचायचे. मी ‘सुरू करा’ म्हणेपर्यंत सळई त्याच्या मुठीत असायची.

मोतीचे बाबा लाँड्रीत कामाला होते. दिवसभर रुग्णालयाच्या चादरी धुवायच्या, पिळायच्या, वाळत टाकायच्या. एकदा जेवताना ते म्हणाले होते, की भट्टीसारख्या तापलेल्या त्या खोलीतसुद्धा ओल्या चादरींच्या ढिगात हात घातला की गारेगार लागतं. मोतीने वर्गात विचारलं, की ओलं कापड नुसतं गार लागतं, की खरोखर गार असतं?

कप्तान हसायलाच लागला. मागच्याच आठवड्यात आम्ही टेबलाचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी दोन्ही मोजली होती. पाय हाताला गार लागला, पण रेघ दोन्हीकडे सारखीच. गार लागणं वेगळं आणि गार असणं वेगळं, हे तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं होतं. कप्तान म्हणाला, “अगं, तूच तर लिहिलंयस ते! तुझ्याच अक्षरात आहे, वाच की.”

वर्ग हसला. मी म्हटलं, भांडता कशाला, मोजून बघा. कप्तानने रुमाल नळाखाली धरला, सळईला गुंडाळला, पडद्यावर आकडा आला एकतीस. खोलीचं तापमान एकोणतीस. “बघ, गार कसलं, उलट गरमच!” असं म्हणून त्याने लगेच सळई काढून पुसून ठेवली. मोतीने कागद पुढे ओढला. तिने कागदावर सुबक लिहिलं: ओलं कापड गार नसतं. मान खाली घालून लिहिलं, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. अक्षर तेवढं दिसलं, आणि मी त्या अक्षरालाच शाबासकी दिली.

त्या महिन्याच्या शेवटी मी वर्गातले सगळे कागद भिंतीवर लावायला घेतले. तिसऱ्या टेबलाचे अकरा प्रयोग, अकरा कागद, आणि अकराही एकाच हाताने लिहिलेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. टॅबलेटमध्ये प्रत्येक मुलाचं एक चित्र होतं. जो यंत्र चालवेल त्याने आधी आपलं चित्र दाबायचं. मी तिसऱ्या टेबलाचा टॅबलेट उघडला. कप्तानचा वाघ आठ वेळा आला होता, बाकी दोघांचं कासव आणि विमान मिळून तीन वेळा. मोतीने पहिल्या दिवशी हौसेने बदक निवडलं होतं. बदक एकदाही आलं नव्हतं.

अकरा वेळा मी त्या टेबलावरून गेले होते. अकरा वेळा ‘काय सुंदर अक्षर’ म्हणून पुढे सरकले होते. माझ्या प्रत्येक शाबासकीने ती त्या सळईपासून एकेक पाऊल लांब गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी नियम केला, दर दहा मिनिटांनी घंटा वाजणार आणि पाळी बदलणार. घंटा वाजली. मोतीचा नंबर आला. तिने सळईकडे पाहिलं आणि हळूच ती कप्तानपुढे सरकवली. “तूच कर, मी लिहिते.”

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवलं आणि कारण विचारलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, “माझ्या हातून बिघडलं तर, बाई? आणि मी ते धरलं तर लिहिणार कोण?”

मुलांनो, घंटा वाजवणं सोपं असतं. पण ज्या मुलीला आपण ‘तू लिहायचं’ असं न बोलता शिकवलं, ती घंटेने थोडीच उठते? मला खोलीच बदलावी लागणार होती.

शाळेचे शिपाईमामा हाताचे कसबी. त्यांना मी शेजारच्या शाळेने टाकून दिलेले, कपाटात पडून असलेले सहा बंद संच काढून द्यायला सांगितलं. ते म्हणाले, “मेलेल्यांचं काय करणार, बाई?” मी म्हटलं, त्यांच्याकडूनच शिकायचंय. मग त्यांनी आणि मी दोन दुपारी खपून प्रत्येक टेबलाच्या मधोमध एक फिरता लाकडी पाट बसवला. टॅबलेट त्यावर. बोटाने ढकललं की पडदा ज्याच्याकडे हवा त्याच्याकडे वळतो. आता पलीकडची बाजू उरलीच नाही.

सोमवारी मुलं आली तेव्हा टेबलांवर पेचकस आणि मेलेले संच होते. सांगितलं, उघडा, बिघडवा, आत काय आहे ते बघा. मोतीने आधी हात मागे बांधले. मग एक स्क्रू सैल केला, मग दुसरा. सळई पोकळ निघाली. आत काळा मणी, मोहरीएवढा, आणि त्याला केसासारख्या दोन तारा. ती मणी ओढायला गेली आणि एक तार तुटली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छान, आता दुसरी तोडून बघ, कुठली जास्त चिवट आहे ते. तेव्हा ती हसली.

दुसरा नियम कागदाचा. टेबलाला एक कागद बंद, ज्याचा त्याने लिहायचा. कप्तान कुरकुरला. “बाई, माझं अक्षर म्हणजे शाईत पडलेली कोंबडी. ती कागदावर आली तर तुमचेच डोळे जातील.” मी म्हटलं, माझ्या डोळ्यांची काळजी मी घेईन, तू कोंबडी सोड.

मग मी विचारलं, आज काय मोजायचं? तिसऱ्या टेबलावरून अगदी बारीक आवाज आला. “ओलं कापड. पुन्हा.”

कप्तान म्हणाला, ते झालंय की. मोती म्हणाली, “नाही झालं. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, ते तापलेलंच असतं. तू जराही वाट पाहिली नाहीस. बाबांच्या चादरी तास-तासभर पडून असतात.”

हे तिला पहिल्यांदा मोजलं त्याच दिवशी कळलं होतं बरं का. पण हातात सळई नव्हती, पेन होतं.

तिने बदकाचं चित्र दाबलं. रुमाल भिजवला, सळईच्या टोकाला गुंडाळला आणि तिची कोरडी बाजू उजव्या हातात घट्ट धरून पंख्याखाली उभी राहिली. एकतीस. कप्तानने भुवया उडवल्या. ती हलली नाही. तीस. एकोणतीस, म्हणजे खोलीएवढं. इथे रेघ थांबणार असं सगळ्यांनाच वाटलं. रेघ उतरतच राहिली. सत्तावीस. कप्तानने पाट आपल्याकडे वळवला, डोळे चोळले, आणि पुन्हा तिच्याकडे फिरवला. पंचवीस. तेवीस.

“म्हणजे तुझे बाबा बरोबर,” कप्तान म्हणाला. आणि सवयीने पुढे म्हणाला, “आण ती सळई इकडे, मी धरतो. तू लिही.”

मोतीने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. सळई तिने उजव्या हातातून सोडली नाही. पेन डाव्या हातात घेतलं, जीभ दातांत धरली, आणि कोंबडीलाही लाज वाटेल अशा अक्षरात लिहायला लागली: ओलं कापड खरंच गार असतं.